बाई पाळक

कोल्हापूरला माझी बदली झाली तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी पस्तिशी ओलांडलेली होते. आमच्याकडे चर्चच्या सभासदांना मिळून मंडळी म्हणतात आणि धर्मगुरूला पाळक. त्याआधी पुण्याजवळ एका ज्येष्ठ पाळकांच्या हाताखाली मी काम केलं होतं. मुलांचे वर्ग घ्यायचे, आजाऱ्यांना भेटायचं, पाळकसाहेब परगावी गेले की संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, द्यायचा. आता पहिल्यांदाच एक मंडळी माझ्या एकटीच्या हवाली होत होती.

ही मंडळी लहान होती. कोल्हापुरातलं ख्रिस्ती लोकांचं मोठं आणि जुनं चर्च वेगळं, त्याच्याशी आमचा संबंध नव्हता. आमचे बहुतेक लोक बेळगावकडून नोकरीनिमित्त आलेले. कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, दोघी-तिघी दवाखान्यात नर्स, आणि काही इचलकरंजीच्या मागावर. मागावरचे लोक रात्रपाळी करून सकाळच्या एस.टी.नं थेट उपासनेला येत आणि शेवटच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसत. माझ्या संदेशात ते झोपत, गीत सुरू झालं की उठून मोठ्यानं गात. मला त्यांचा राग कधी आला नाही.

निघण्याआधी आमच्या भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या सुपरिंटेंडंट साहेबांनी मला एकच सल्ला दिला होता. "स्वतःबद्दल फार बोलू नका. कुठून आलात ते सांगा, बायबल उघडा आणि सुरू करा. लोक चांगले आहेत, पण तोंडावर बोलतात." बाई पाळक म्हणून काय वाट्याला येईल, याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनाही ते ठाऊक नसावं. त्या भागात माझ्याआधी कुणी बाई पाळक म्हणून गेलेली नव्हती.

मंगळवार पेठेत दोन खोल्या माझ्यासाठी घेऊन ठेवल्या होत्या. घरमालकीण शेतकरी घरातली, दारात दोन म्हशी. मी ट्रंक घेऊन रिक्षातून उतरले तेव्हा ती शेणाचे हात घेऊनच बाहेर आली. माझी पांढरी साडी बघून म्हणाली, "सिस्टर हायसा काय? त्या कॉन्व्हेंटातल्या?"

"नाही. मी पाळक आहे. आमच्या देवळात उपासना चालवते."

"म्हंजे भटजीच की!" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे नीट बघत, "बाईमाणूस?"

"हो."

"असू दे. म्हशीचं दूध लागलं तर सांगा," म्हणून ती आत गेली. तिच्यापुरता विषय संपला. पुढची चार वर्षं ती मला भटजीणबाई म्हणत राहिली आणि मी ते चालवून घेतलं.

मंडळीचा प्रश्न एवढा सोपा नव्हता. मला हाक काय मारायची, इथूनच त्यांची अडचण सुरू झाली. पाळकसाहेब म्हणता येईना, आणि पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको. ती तर मी नव्हते. पहिल्या दिवशी स्टेशनरोडवरच्या चहाच्या दुकानात मला भेटायला आलेल्या तिघांनी मला तीन वेगवेगळ्या हाका मारल्या. शेवटी सगळे नुसतं 'बाई' म्हणू लागले, शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं. मला तेच बरं वाटलं.

आमचं देऊळ बैठं, कौलारू. उजवीकडे पुरुषांसाठी बाकं, डावीकडे बायकांसाठी सतरंजी. पुढं लाकडी कठडा, त्याच्यापलीकडे मेज आणि वर साधा क्रूस. पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा देऊळ भरलेलं होतं. एरवी कधीच न येणारेही आले होते हे मला नंतर कळलं.

मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड. सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणत. उंच, सडसडीत, डोक्यावर काळी टोपी, आणि कोटाच्या खिशात अजूनही साखळीचं घड्याळ. माझी ओळख करून द्यायला ते उभे राहिले. "आपले नवे पाळक..." असं म्हणून ते थांबले. 'आपले' की 'आपल्या' यावर अडले असावेत. मग घसा साफ करून म्हणाले, "बिशपसाहेबांनी पाठवलेल्या बाई आज आपल्याला स्वतःची ओळख सांगतील," आणि बसले.

मी उभी राहिले. बोलायचं तयार करून आणलं होतं, पण समोरचे चेहरे बघून त्यातलं निम्मं मी तिथल्या तिथं गाळलं.

"सलाम," मी आमच्या रिवाजाप्रमाणे म्हणाले. "मी वऱ्हाडातली. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आई घरीच असायची. मी आधी नर्स होते. बरीच वर्षं दवाखान्यात काम केलं. मग पाळक व्हायचं शिक्षण घेतलं आणि..."

"ऐकू येत न्हाय!" सतरंजीवरून आवाज आला.

अगदी पुढं एक म्हातारी बसली होती. ती मंडळीतली सगळ्यात जुनी बाई. तरुणपणी ती बायबलबाई होती, म्हणजे मिशनच्या वतीनं खेडोपाडी जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगायची. पेठ वडगावच्या बाजारात भाजीवाल्या बायकांच्या मधे बसून तिनं उभी हयात काढली होती, त्यामुळं तिचा आवाज बाजारात घडलेला होता.

मी आवाज चढवला. "आधी नर्स होते!"

"ते ऐकलं. फुडं काय म्हणालासा?"

"मग पाळक व्हायचं शिक्षण घेतलं. दीक्षा झाली. आता इथं आले आहे. मला गाता फारसं येत नाही, तेव्हा गीताला सूर तुम्ही धरा. आजारपण असेल, अडचण असेल, तर घरी निरोप पाठवा. मी येईन."

"लगीन का केलं न्हाईसा?"

बाकांवरून कोणीतरी दबक्या आवाजात "अहो आजी" म्हणालं. मागच्या बाकावरचे मागकरी जागे झाले.

"जमलं नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," म्हातारी म्हणाली, "न्हायतर त्यो तुम्हांस्नी हितं येऊ देता व्हय!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले असेन. पुरुषांच्या बाजूला मात्र कोणी हसलं नाही, कारण गार्डसाहेब पुन्हा उभे राहिले होते.

"मंडळीच्या वतीनं मला एक विचारायचं आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. ते कोण देणार?"

प्रभुभोजन म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची छोटीशी पेली एकेकाच्या हातात देतो. लोक कठड्यापाशी गुडघे टेकून ते घेतात. आधी पुरुष, मग बायका. ज्याला दीक्षा मिळाली आहे त्यानंच ते द्यायचं. आमच्यात याहून पवित्र असं फारसं काही नाही.

"मी देणार," मी म्हणाले.

"बरं," गार्डसाहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ काढून बघितलं आणि गीताचा नंबर सांगितला.

उपासना संपल्यावर ते दाराशी माझ्यासाठी थांबले. टोपी हातात होती. "बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमचा संदेश मी ऐकेन. कमिटीचं काम आजवर केलं तसंच करेन. देवळाचं काही अडू देणार नाही. पण प्रभुभोजन बाईच्या हातून घेणं मला जमायचं नाही. लहानपणापासून जसं बघत आलो तसंच मला पाहिजे."

"पुरुषांना मिळते तीच दीक्षा मलाही मिळाली आहे, गार्डसाहेब."

"ती खोटी आहे असं मी कुठं म्हणतोय? मी माझ्यापुरतं सांगितलं. मागून सांगण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं."

मी त्यांचे आभार मानले. घरी येऊन मी स्वयंपाक केला, जेवले, आणि दुपारभर झोपले. वाईट वाटलं का, असं मला पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. दवाखान्यात असताना एखादा रोगी म्हणायचा, मला दुसऱ्या सिस्टरकडून इंजेक्शन पाहिजे. तेव्हा वाटायचं तसं काहीतरी वाटलं. त्याहून जास्त नाही.

त्या आठवड्यात मी घरोघरी गेले. देवळात सांगितलेलं प्रत्येक घरात पुन्हा सांगावं लागलं. वऱ्हाड कुठं आलं, आईवडील आहेत का, एकटीला भीती वाटत नाही का. इचलकरंजीत मागकऱ्यांच्या खोलीवर गेले तेव्हा शेजारच्या शेडमधल्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येईना. त्यांनी मला चहा पाजला आणि संदेश जरा आटोपशीर ठेवाल का, एवढंच विचारलं. गार्डसाहेबांच्या घरीही गेले. ते अंगणात गुलाबाची छाटणी करत होते. त्यांच्या बायकोला सगळी मंडळी अक्का म्हणत असे, बेळगावकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. अक्का बुटक्या, गोलसर, आणि नवऱ्याच्या मानानं फारच बोलक्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांचं मनावर घेऊ नका बाई. मी येणार हाय. मनुकांचा रस पण मीच काढून देते, दर महिन्याला मीच काढते." आमच्याकडे दारू चालत नाही, म्हणून मनुका भिजवून, उकळून, गाळून तो रस करतात.

शनिवारी दुपारी गार्डसाहेब स्वतः तो रस बाटलीत घालून माझ्या घरी घेऊन आले. खांद्याला पिशवी होती. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी बेळगावला निघालो. बहिणीकडं राहीन, उद्या तिथल्या देवळात जाईन. संध्याकाळी परत." आणि स्टेशनकडे गेले. रेल्वेत जन्म घालवल्यामुळं एस.टी.वर त्यांचा विश्वास नव्हता. मिरजेला उतरून, लहान रुळांची गाडी धरून ते बेळगावला जात.

रविवारी मी मेजावरचं पांढरं कापड बाजूला केलं, प्रार्थना म्हटली, भाकर मोडली, आणि म्हणाले, "या." कोणी उठलं नाही. पुरुष बाकांवर बसून राहिले. काहींनी डोळे मिटले होते, काही जमिनीकडे बघत होते. मी ताट हातात घेऊन कठड्यामागं उभी होते. एक मूल रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं. मला वाटतं, कोणाच्याच मनात अपमान करायचं नव्हतं. पहिला कोण, एवढाच प्रश्न होता, आणि दर वेळी जो पहिला असायचा तो बेळगावला होता.

तेवढ्यात म्हातारी बायबलबाई उठली. आधी एक हात जमिनीला, मग दुसरा गुडघ्याला, असं करत उभी राहिली आणि कठड्याकडं चालू लागली.

"आजी, आधी बाप्ये जातात," एकजण बाकावरून म्हणाला.

"मग उठा की!" ती म्हणाली. "माजं गुडघं दुखत्यात. तुमची वाट बघत कवर बसू?"

ती कठड्यापाशी आली. गुडघे टेकता येईनात म्हणून तिनं उभ्यानंच दोन्ही हात पुढं केले. मी भाकर दिली, पेली दिली. तिच्यामागोमाग अक्का आल्या, मग दोघी नर्स, मग सगळी सतरंजी रिकामी झाली. त्यानंतर मागकरी आले. मग हळूहळू बाकीचे पुरुष. दोन-तीन जण आले नाहीत, तेही पुढच्या एक-दोन महिन्यांत यायला लागले. म्हातारीनं ते मुद्दाम केलं की खरंच गुडघ्यांमुळं, हे मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "दुखत्यातच की! बघा हात लावून, कसं सुजल्यात."

गार्डसाहेब त्या संध्याकाळी परत आले आणि स्टेशनवरून थेट माझ्याकडे आले. बेळगावचा कुंदा आणला होता. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"किती लोक आले?"

"बहुतेक सगळे."

"बरं झालं." त्यांच्या बोलण्यात काही आडपडदा नव्हता. मग त्यांनी बेळगावच्या पाळकांनी काय संदेश दिला तो मला सांगितला. मुद्देसूद, वचनांसकट. कुठं त्यांना पटलं नाही तेही सांगितलं. मी माझं मत दिलं. त्यांनी ते खोडलं. चहा झाला. अंधार पडायच्या आत ते घरी गेले.

पुढं दर महिन्याला हेच झालं. शनिवारी रस आणून द्यायचा, गाडी पकडायची, रविवारी संध्याकाळी येऊन संदेशावर चर्चा करायची. बाकीच्या रविवारी ते पहिल्या बाकावर बसून गीताला सूर धरत, माझा संदेश ऐकत आणि सोमवारी त्यातल्या चुका सांगत. एका ठिकाणी मी एका संदेष्ट्याची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सांगितली होती, ते त्यांनी बरोबर पकडलं. खरं सांगायचं तर कोल्हापुरात माझा संदेश एवढ्या बारकाईनं ऐकणारा दुसरा माणूस नव्हता. कौलं बदलायची, पंख्याला तेल द्यायचं, नाताळच्या ताऱ्याला दिवे लावायचे, सगळं तेच बघत. प्रभुभोजनाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही, आणि त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात ते घराच्या पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात काही दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं. कमरेपासून खाली प्लास्टर, उताणं पडून राहायचं. मूलबाळ नव्हतं. अक्का एकट्या. त्यांच्यानं तो उंच माणूस कुशीवर वळवेना, आणि न वळवावं तर पाठीला जखमा व्हायच्या. अक्कांनी मला निरोप पाठवला.

मी रोज सकाळ-संध्याकाळ जाऊ लागले. पाठ पुसायची, पावडर लावायची, चादर बदलायची. पहिल्या दिवशी ते डोळे मिटून पडले होते. मला वाटलं लाजताहेत. थोड्या वेळानं म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. दवाखान्यातल्या पोरी धसमुसळ्या होत्या."

"सवय आहे," मी म्हणाले.

"नर्सचं काम सोडायला नको होतं तुम्ही."

अक्का चुलीपासून ओरडल्या, "अहो, काय बोलताय!"

"चांगलंच बोलतोय मी," ते म्हणाले. मलाही ते चांगलंच वाटलं.

महिन्याचा पहिला रविवार आला. अर्थातच बेळगावला जाणं शक्य नव्हतं. पुढचा महिनाही तसाच गेला. त्यांचं जेवण कमी झालं. संदेशावर बोलणंही कमी झालं. एकदा मी पाठ पुसत असताना ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "नोकरीत होतो तेव्हासुद्धा ड्यूटी बदलून घ्यायचो, पण प्रभुभोजन चुकवायचो नाही."

मी हातातलं काम पूर्ण केलं. मग विचारलं, "बेळगावच्या पाळकसाहेबांना बोलावू का?"

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "तुम्ही बोलावणार?"

"मीच बोलावायला पाहिजे. मंडळी माझी आहे."

"येतील?"

"येतील. माझ्या मागच्या वर्गात होते ते."

पोस्टातून मी बेळगावला ट्रंककॉल केला. बेळगावचे पाळक माझ्याहून वयानं लहान. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणाच्या शाळेत, मला ताई म्हणायचे. फोनवर त्यांना मी काय सांगतेय ते दोनदा सांगावं लागलं, आधी आवाज नीट जाईना म्हणून आणि मग त्यांना पटेना म्हणून.

"ताई, तुम्ही तिथं असताना मी येऊन देऊ? हे बरं दिसत नाही."

"दिसण्याचा प्रश्न नाही. माणूस आजारी आहे."

"मग तुम्हीच द्या की. मी फोनवरून त्यांना समजावतो."

"समजावू नका. या."

ते एका सकाळी आले. खोलीत एका स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून मी सगळं मांडून ठेवलं होतं. अक्कांनी रस काढला होता. बेळगावच्या पाळकांना फार अवघडल्यासारखं झालं होतं. प्रार्थना म्हणताना ते एका ठिकाणी अडखळले. भाकरीचा तुकडा त्यांनी गार्डसाहेबांच्या हातात दिला, तो त्यांनी खाल्ला. मग पेली. पण उताणं पडलेल्या माणसाला पेलीतून पिता येईना. गार्डसाहेबांनी मान उचलायचा प्रयत्न केला, पण ती परत उशीवर पडली. बेळगावच्या पाळकांच्या एका हातात पेली, दुसऱ्यात पुस्तक. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पुढं झाले. रोज पाणी पाजताना उचलत होते तशीच मानेखाली हात घालून गार्डसाहेबांना उचललं. त्यांचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. पेली त्या पाळकांनी ओठाला लावली. गार्डसाहेब प्याले. मी त्यांना हळूच खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. अक्का दाराच्या चौकटीला धरून रडत होत्या. मला त्या वेळी असं वाटलं की हे ठीक झालं. बाकी काही वाटायला तेव्हा सवड नव्हती, कारण उशी सरकली होती आणि प्लास्टरचा पाय कलंडत होता.

"उशी," गार्डसाहेब म्हणाले.

"बघते," मी म्हणाले.

स्टेशनवर पोचवायला गेले तेव्हा बेळगावचे पाळक म्हणाले, "ताई, मला अजून कळलं नाही, आज प्रभुभोजन नक्की कोणी दिलं."

"तुम्ही दिलंत," मी म्हणाले. खरंही तेच होतं.

प्लास्टर निघालं, काठी आली. गाडी बदलत बेळगावला जाणं काही त्यांना पुन्हा जमलं नाही. ते पहिल्या रविवारीही देवळात येऊ लागले. लोकांना वाटलं, आता नक्की. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. मी "या" म्हटलं. पुरुष उठले, कठड्याशी गेले, परत आले. गार्डसाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले आणि गीत म्हणत राहिले. तो महिना तसा गेला आणि पुढचेही तसेच गेले. बेळगावचे पाळक मधून मधून येऊन त्यांच्या घरी प्रभुभोजन देत. मीच त्यांना आठवण करून देत असे. म्हातारी बायबलबाई चिडायची. "येवढी बाईनं सेवा केली, तरी ह्यो गडी हलना," असं ती देवळाच्या दारात त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. गार्डसाहेब तिला सलाम करून पुढं जात.

त्याच वर्षी माझ्या बदलीची वेळ आली. सुपरिंटेंडंट साहेब कमिटीच्या बैठकीला आले होते. मीही कोपऱ्यात बसले होते. नवीन पाळक कोणते हवेत असं त्यांनी विचारलं. कोणी काही बोलायच्या आत गार्डसाहेब काठी टेकून उभे राहिले.

"ह्या बाईंनाच अजून ठेवा."

साहेबांना सगळं माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला. "गार्डसाहेब, तुम्ही तर यांच्या हातून प्रभुभोजन घेत नाही."

"नाही घेत."

"मग?"

"मग काय? मंडळीत मी एकटाच आहे का? देऊळ भरतंय. आजाऱ्याला माणूस मिळतंय. संदेश पूर्वीपेक्षा सुधारलाय." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पूर्वीपेक्षा म्हणालो मी," आणि बसले.

मला आणखी एक वर्ष मिळालं. त्या वर्षाच्या हिवाळ्यात एका दुपारी गार्डसाहेब अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. अक्कांनी चहासाठी हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत. मी पोचले तेव्हा हातात गुलाबाची कात्री होती, ती मीच काढून घेतली.

बेळगावहून त्यांचे भाचे आले. मामांचे विचार त्यांना ठाऊक होते. त्यांनी मला बाजूला घेऊन नम्रपणे विचारलं, दफनविधीला बेळगावच्या पाळकांना बोलावलं तर चालेल का? मी म्हटलं, अक्कांना विचारा, त्या म्हणतील तसं. मला खरोखरच दोन्ही चाललं असतं.

अक्का आतल्या खोलीत बायकांच्या मधे बसल्या होत्या. भाच्यानं विचारल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"कशाला बोलवताय?" त्या म्हणाल्या. "बाई हायत की."

"पण मामी, मामा म्हणायचे..."

"ते प्रभुभोजनाबद्दल म्हणायचे. मरणाबद्दल काय बोलले न्हाईत."

भाच्यांनी माना डोलावल्या. दफन मी केलं. मागकरी पाळी सोडून आले होते, त्यांनीच खांदा दिला आणि माती लोटली. गीत म्हणताना सूर धरणारा पहिल्या बाकावरचा आवाज नव्हता, त्यामुळं पहिलं कडवं विस्कटलं. दुसऱ्यापासून लोकांनी सावरलं.

परत आलो तेव्हा अक्कांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माझ्या घरमालकिणीनं टोपलीभर भाकरी आणि झुणका धाडला होता. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसलो. अक्का दोन घास खाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, ते तुमचा संदेश घरी येऊन मला परत सांगायचे. अख्खा. मी म्हणायची, अहो मी ऐकलाय की, मी पण तिथंच होते. तर म्हणायचे, तू नीट ऐकत न्हाईस."

मी त्यांच्या ताटात आणखी झुणका वाढला. त्या जेवल्या.